जाक मोनो : जनुकाचं बटण शोधणारा माणूस आणि यकृताच्या कर्करोगाचं भाकीत



यकृताच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली, रिपोर्टही चांगला आला, तरी घरच्यांचा एक प्रश्न उरतोच. आता पुढे किती वर्षं? डॉक्टर गाठीचा आकार बघतात, गाठी किती होत्या ते बघतात, रक्तवाहिनीत कर्कपेशी शिरल्या होत्या का ते बघतात आणि अंदाज सांगतात. पण रिपोर्ट अगदी सारखे असलेल्या दोन पेशंटपैकी एकाला दीड वर्षात आजार परत येतो आणि दुसरा दहा वर्षं व्यवस्थित जगतो. हा फरक आधीच ओळखता यावा म्हणून संशोधक आता पेशंटच्या पेशींमध्ये कोणती जनुकं किती चालू आहेत हे मोजतात. यालाच 'जीन एक्स्प्रेशन मार्कर' म्हणतात.

या विषयावर लिहायला बसलो तेव्हा मी ठरवलं की मशीन आणि सॉफ्टवेअरकडे नंतर वळू, आधी एका माणसाची ओळख करून घेऊ. कारण जनुक नुसतं असून भागत नाही, ते चालू आहे की बंद हे महत्त्वाचं, ही गोष्ट आपल्याला ज्यांच्यामुळे नीट कळली त्यांनी आयुष्यात यकृतावर काम केलं नाही. त्यांनी काम केलं जिवाणूंवर. त्यांचं नाव जाक मोनो.

मोनो यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१० चा, पॅरिसमधला. वडील चित्रकार, आई अमेरिकेतल्या मिलवॉकीची. १९१७ मध्ये कुटुंब दक्षिण फ्रान्समध्ये कान्सला राहायला गेलं. चित्रपट महोत्सवामुळे हे गाव आपल्याला नावाने माहीत आहे. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय कायमचा अधू राहिला. तरी पुढे हा माणूस कडे चढायचा आणि शिडाची होडी चालवायचा. घरात संगीत होतं, जाक चेलो शिकला आणि चांगला शिकला.

१९२८ मध्ये ते शिकायला पॅरिसला आले. विद्यापीठातलं जीवशास्त्र काळाच्या फार मागे आहे असं त्यांचं मत होतं आणि ते बरोबरच होतं. खरं शिक्षण झालं ते ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या रॉस्कॉफ इथल्या सागरी संशोधन केंद्रात. तिथे त्यांना आंद्रे ल्वॉफ आणि बोरिस एफ्रुसी भेटले. एकाने जिवाणूंची गोडी लावली, दुसऱ्याने आनुवंशिकीची.

इथे एक प्रसंग सांगायलाच हवा. १९३४ मध्ये मोनो 'पुर्क्वा पा' नावाच्या जहाजातून ग्रीनलँडच्या मोहिमेवर गेले होते. फ्रेंचमध्ये या नावाचा अर्थ 'का नाही?' असा होतो. १९३६ मध्ये त्याच जहाजातून पुन्हा जायचं ठरत होतं. पण एफ्रुसींनी आग्रह धरला की अमेरिकेत कॅलटेकला चल, मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत आनुवंशिकी शिक. मोनो अमेरिकेला गेले. त्या सप्टेंबरमध्ये जहाज आइसलँडजवळ वादळात फुटलं, एक खलाशी सोडून सगळे बुडाले. पुढे याच माणसाने योगायोग आणि अपरिहार्यता यांवर जगभर गाजलेलं पुस्तक लिहिलं, हे लक्षात ठेवा.

कॅलटेकमध्ये तरी अभ्यास किती झाला? फारसा नाही. मोनो तिथे बाखच्या संगीताचे कार्यक्रम बसवण्यात रमले. संगीतातच राहायचं की विज्ञानात, हा गोंधळ परत आल्यावरही काही वर्षं चालला. १९३८ मध्ये त्यांनी ओदेत ब्रूल यांच्याशी लग्न केलं. ओदेत आशियाई कलेच्या अभ्यासक, भारतीय मंदिरांच्या छायाचित्रांचं एक पुस्तक त्यांनी तयार केलं होतं. पुढच्या वर्षी जुळे मुलगे झाले आणि त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं.

आता मुख्य शोधाकडे येऊ.

मोनो पीएचडीसाठी एक साधा वाटणारा प्रयोग करत होते. जिवाणूंना दोन वेगवेगळ्या साखरा एकत्र द्यायच्या आणि ते किती वेगाने वाढतात हे मोजायचं. आलेख सरळ चढत जाईल अशी अपेक्षा. पण काही जोड्यांमध्ये आलेख चढला, मग सपाट झाला आणि थोड्या वेळाने पुन्हा चढला. जिवाणूंनी आधी ग्लुकोज संपवलं, मग चक्क थांबले, मग दुसरी साखर खायला लागले. ताटात गुलाबजाम आणि भाकरी ठेवली तर पोरं आधी काय उचलतील, तसंच. फक्त इथे गुलाबजाम संपल्यावर भाकरी चावायला लागणारे दात नव्याने उगवावे लागत होते! हे दात म्हणजे एन्झाइम. दुसरी साखर पचवणारं एन्झाइम गरज पडल्यावरच बनत होतं.

१९४० च्या डिसेंबरात, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, मोनो हा आलेख घेऊन ल्वॉफ यांच्याकडे गेले. ल्वॉफ यांनी ओळखलं की हे एन्झाइमचं जुळवून घेणं आहे. १९४१ मध्ये प्रबंध मंजूर झाला, पण सॉर्बोन विद्यापीठातल्या परीक्षकांना त्यात काही राम दिसला नाही. आज तोच सपाट तुकडा जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत छापतात.

पण विचार करा, त्या काळात हा माणूस दिवसा साखर मोजत होता आणि रात्री काय करत होता? ओदेत ज्यू कुटुंबातल्या, म्हणून त्यांना आणि मुलांना खोट्या कागदपत्रांवर पॅरिसबाहेर ठेवलेलं. स्वतः मोनो जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीत. 'मालिव्हेर' हे त्यांचं टोपणनाव. सॉर्बोनमधल्या प्रयोगशाळेबाहेर एक पेंढा भरलेला जिराफ उभा होता, त्याच्या पायाच्या पोकळ हाडात ते गुप्त कागद लपवायचे. वरिष्ठ एकेक करून पकडले गेले तसे मोनो वर चढत गेले आणि शेवटी सशस्त्र गटांच्या राष्ट्रीय मुख्यालयात कारवायांचं काम बघू लागले. सॉर्बोनमध्ये राहणं धोक्याचं झालं तेव्हा ल्वॉफ यांनी पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना गुपचूप जागा दिली. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस सुटलं. नंतर फ्रेंच सैन्यात असताना अमेरिकन सैन्याच्या फिरत्या वाचनालयात त्यांना जिवाणूंच्या आनुवंशिकीवरचे ताजे लेख वाचायला मिळाले. युद्धाच्या धामधुमीत आनुवंशिकी वाचणारा अधिकारी! मला मोनो यांचं हे रूप सगळ्यात आवडतं.

लढाईच्या काळात ते कम्युनिस्ट पक्षात गेले होते, १९४५ मध्ये बाहेर पडले. १९४८ मध्ये सोव्हिएत रशियात लिसेंको यांच्या सांगण्यावरून खऱ्या आनुवंशिकीवर बंदी आली, तेव्हा मोनो यांनी 'काँबा' या वृत्तपत्रात पहिल्या पानावर त्याची साल काढली. त्यामुळे जुने मित्र तुटले. याच सुमारास लेखक आल्बेर काम्यू यांच्याशी दोस्ती झाली.

पाश्चरमधल्या माळ्यावरच्या प्रयोगशाळेत १९५० मध्ये फ्रांस्वा जाकोब दाखल झाले. यांची गोष्ट आपल्या विषयाला अगदी जवळची आहे. जाकोब यांना सर्जन व्हायचं होतं. १९४४ मध्ये नॉर्मंडीत बॉम्बहल्ल्यात हात आणि पाय इतके जखमी झाले की सुरी हातात धरण्याचं स्वप्न संपलं. सर्जन होऊ न शकलेला हा माणूस आणि मोनो, माळ्याच्या दोन टोकांना बसणारे, १९५७ च्या सुमारास एका प्रयोगात एकत्र आले. तिसरे होते अमेरिकेहून आलेले आर्थर पार्डी. तिघांच्या नावांची अक्षरं जोडून प्रयोगाचं नाव पडलं 'पाजामो', आणि गमतीने सगळे त्याला पायजमा प्रयोग म्हणू लागले. शब्द आपल्याकडचाच, पोचला बघा कुठे!

प्रयोग असा. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज पचवणारं जनुक बिघडलेले जिवाणू घेतले. नियंत्रण करणारं जनुकही त्यांच्यात बिघडलेलं. त्यांच्यात दुसऱ्या जिवाणूंकडून ही दोन्ही जनुकं चांगल्या स्थितीत आत सोडली. लॅक्टोज दिलंच नाही. तरी काही मिनिटांत एन्झाइम बनायला लागलं आणि साधारण तासा-दोन तासांनी आपोआप थांबलं. याचा अर्थ काय? जनुक मुळात चालूच होतं. ते बंद करणारं काहीतरी पेशीत हळूहळू साठलं आणि मग उत्पादन थांबलं.

आपल्या गावातल्या पाण्याच्या टाकीसारखं समजा. टाकीत पाणी आहे, पण वॉल्व्हवर एक माणूस बसलेला आहे. तो उठेपर्यंत नळाला थेंब नाही. जिवाणूत हा वॉल्व्हवरचा माणूस म्हणजे रिप्रेसर नावाचं प्रथिन. लॅक्टोज आलं की ते रिप्रेसरला उठवतं आणि जनुक वाहू लागतं. १९६१ मध्ये मोनो आणि जाकोब यांनी ही सगळी रचना मोठ्या लेखात मांडली. त्यातच जनुकाची तात्पुरती नक्कल करणाऱ्या रेणूची कल्पना होती, ज्याला आज आपण मेसेंजर आरएनए किंवा एमआरएनए म्हणतो. त्याच वर्षी ब्रेनर, जाकोब आणि मेसेल्सन यांच्या प्रयोगातून तो रेणू खराच असतो हे दिसलं. कोविडच्या लशीमुळे हे नाव घरोघरी पोचलं.

हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. ग्रंथालयातलं संदर्भाचं पुस्तक बाहेर नेता येत नाही, हव्या त्या पानाची झेरॉक्स काढून न्यावी लागते. डीएनए हे पुस्तक, एमआरएनए ही झेरॉक्स. तुमच्या यकृतातल्या पेशीत आणि डोळ्यातल्या पेशीत पुस्तक एकच आहे, फरक आहे तो कोणत्या पानाच्या किती झेरॉक्स निघतात यात. म्हणजे पेशी सध्या काय करतेय हे बघायचं असेल तर पुस्तक वाचून उपयोग नाही, झेरॉक्स मोजायला हव्यात. मोनो आणि जाकोब यांनी तेव्हाच असाही तर्क केला होता की कर्करोग म्हणजे पेशीच्या वाढीवरचं हे नियंत्रण मोडणं असावं.

मोनो यांची गोष्ट थोडा वेळ इथेच थांबवतो आणि यकृताकडे येतो.

यकृताचा रोगट भाग कापून काढल्यावर पाच वर्षांत साधारण सत्तर टक्क्यांपर्यंत पेशंटमध्ये कर्करोग पुन्हा दिसतो. तो दोन प्रकारे येतो. शेतकरी वाचकांना हे पटकन कळेल. हरळी उपटली पण मुळाचा तुकडा राहिला तर तीच हरळी लवकर फुटते. दुसरा प्रकार असा की मूळ सगळं निघालं, पण रानच असं आहे की पुढच्या पावसाळ्यात नवं तण येणारच. साधारण दोन वर्षांच्या आत परत येणारा कर्करोग बहुतेक पहिल्या प्रकारचा, नंतर येणारा बऱ्याचदा दुसऱ्या. सिऱ्होसिसने कडक झालेलं, वर्षानुवर्षं सुजलेलं यकृत म्हणजे हे रान.

२००८ मध्ये होशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात डोळे उघडणारा अभ्यास. अडचण अशी होती की एमआरएनए फार नाजूक, लगेच तुटतो. ताजा गोठवलेला नमुना असेल तरच मोजता येतो असं मानलं जायचं, आणि असे नमुने हॉस्पिटलांत क्वचितच असतात. पण फॉर्मलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेले पॅराफिन ब्लॉक प्रत्येक पॅथॉलॉजी विभागात कपाटं भरून असतात. या मंडळींनी तुटक्या एमआरएनएचे तुकडेच वाचणारी पद्धत वापरली आणि सुमारे ६,००० जनुकं मोजली. २४ वर्षांहून जुन्या ब्लॉकमधूनही मोजणी जमली!

मग निकाल. गाठीतल्या जनुकांचा आणि पेशंट किती जगला याचा ठोस संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो गाठीशेजारच्या, वरवर कर्करोग नसलेल्या यकृताच्या तुकड्यात. तिथल्या १८६ जनुकांचा नमुना पुढचं आयुष्य सांगत होता. धोक्याच्या गटात सूज आणि प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकं जास्त चालू होती, चांगल्या गटात यकृताचं रोजचं काम करणारी. म्हणजे तणापेक्षा रान जास्त बोललं.

लगेच टाळ्या वाजवू नका. ६,००० जनुकं आणि मोजके पेशंट असले की योगायोगाने काहीही जुळतं. हजार पत्रिका आणि दहा माणसं दिली तर कुठली तरी पत्रिका बरोबर निघणारच. म्हणून नमुना एका गटात शोधायचा आणि ज्यांना आधी कधी पाहिलंच नाही अशा गटात तपासायचा. इथे जपानमधल्या ८२ पेशंटांवर नमुना तयार केला आणि अमेरिका-युरोपातल्या २२५ पेशंटांवर तपासला. तिथेही तो टिकला. असले दावे वाचताना दुसरा गट होता का, हा प्रश्न पहिल्यांदा विचारायचा. नसेल तर बातमी मिटवून चहा घ्या.

गाठीकडून काहीच कळत नाही असंही नाही. २०१३ मध्ये पॅरिसच्याच गटाने, म्हणजे मोनो यांच्याच शहरात, ऑपरेशन झालेल्या पेशंटांच्या गाठी मोजून फक्त पाच जनुकांचा स्कोर मांडला: टीएएफ-९, रॅम्प-३, एचएन-१, केआरटी-१९ आणि रॅन. यातलं केआरटी-१९ हे यकृताच्या नेहमीच्या मोठ्या पेशींत बंद असतं, पित्तनलिकेच्या पेशींत चालू असतं. गाठीत ते चालू दिसलं तर बंद असायला हवं ते पान कोणीतरी उघडलंय. वॉल्व्हवरचा माणूस जागेवर नाही! हिशोब साधा असतो: प्रत्येक जनुकाच्या झेरॉक्स मोजायच्या, त्याला ठरलेल्या वजनाने गुणायचं, बेरीज करायची आणि बेरीज एका रेषेच्या वर की खाली ते बघायचं.

पण हा स्कोर पेशंटच्या हातात काय देतो? एका माणसाची तारीख तो देत नाही. असा स्कोर असलेल्या शंभर जणांपैकी साधारण किती जण इतक्या वर्षांनी असतील, एवढंच तो सांगतो. त्यावरून कोणाचं स्कॅन जास्त वेळा करायचं, कोणाला नव्या औषधाच्या चाचणीत घ्यायचं हे ठरवायला मदत होऊ शकते. हे स्कोर अजून नेहमीच्या तपासणीत आलेले नाहीत, आणि त्याला कारणं आहेत. एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांत वेगळी जनुकं चालू असू शकतात. जपानच्या रुग्णांत हिपॅटायटिस सी चं प्रमाण मोठं होतं, आपल्याकडे हिपॅटायटिस बी हे मोठं कारण, त्यामुळे तिकडचा आकडा इकडे जसाच्या तसा चिकटवता येत नाही. तुमच्या घरात कोणाचं ऑपरेशन झालं असेल तर पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड कुठे ठेवल्यात याची माहिती मात्र फाइलमध्ये लिहून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेताना तेच मागतात.

आता परत मोनो यांच्याकडे. मध्ये एक गोष्ट राहिली. १९५६ चा उठाव चिरडल्यानंतर हंगेरीतल्या आग्नेश उलमान या संशोधिकेला आणि तिच्या पतीला देशाबाहेर पडायचं होतं. मोनो यांनी चळवळीतलं जुनं डोकं पुन्हा चालवलं. पत्रव्यवहार, बेत, एक फसला की दुसरा. शेवटी १९६० मध्ये पतिपत्नी एका कॅम्पिंग ट्रेलरमधल्या बाथटबखाली लपून सीमा ओलांडून ऑस्ट्रियात आले. उलमान पुढे पाश्चरमध्ये मोनो यांच्या निकटच्या सहकारी झाल्या. ज्या महिन्यांत रिप्रेसरची मांडणी आकार घेत होती, त्याच महिन्यांत हे चाललं होतं.

१९६५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ल्वॉफ, जाकोब आणि मोनो या तिघांना मिळालं. मे १९६८ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर विद्यार्थी आणि पोलीस भिडले, तेव्हा हे नोबेलवाले साहेब जखमी पोरांना उचलायला रस्त्यावर होते. १९७० मध्ये ते योगायोगावरचं पुस्तक आलं आणि फ्रान्समध्ये तुफान खपलं. त्यातलं तत्त्वज्ञान मला सगळंच पटत नाही. माणूस विश्वात एकटा आहे हे ते फारच ठासून सांगतात. पण जीवशास्त्राचा भाग आजही ताजा वाटतो.

१९७१ मध्ये ते पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. संस्था तोट्यात होती. प्रयोग सोडून हिशोबाच्या वह्या, कर्मचाऱ्यांशी बोलणी, सरकारकडे फेऱ्या. १९७२ मध्ये ओदेत गेल्या. नंतर मोनो यांनाच रक्ताचा गंभीर आजार झाला, शरीरात नवं रक्त नीट तयार होईना. डॉक्टर रक्त चढवत आणि पेशी मोजत. कोणत्या जनुकाच्या किती झेरॉक्स निघतायत हे हजारोंनी मोजणारी यंत्रं यायला अजून जवळपास वीस वर्षं होती. अशा स्थितीतही ते कामावर जात राहिले. मे महिन्याच्या अखेरीस कान्सच्या जुन्या घरी गेले आणि ३१ मे १९७६ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. वय ६६. जाकोब मात्र २०१३ पर्यंत जगले. पॅरिसच्या गटाचा पाच जनुकांचा स्कोर आला तेच ते वर्ष.